बॅटरी रूममधल्या हायड्रोजनसाठी ऑप्टिकल फायबरचा सेन्सर लावावा का?

सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे ११० व्होल्टची डीसी बॅटरी बँक आहे, २ व्होल्टचे ५५ सेल. खोली साधारण पाच मीटर बाय चार मीटर, उंची तीन मीटर. छताजवळ इलेक्ट्रोकेमिकल प्रकारचा हायड्रोजन डिटेक्टर बसवलेला आहे आणि तो एप्रिल-मेमध्ये दुपारी उगाच वाजतो, असं त्यांचं म्हणणं. ऑप्टिकल फायबरच्या सेन्सरमध्ये वीज जात नाही, ठिणगीची भीती नाही, तर तो लावावा का, असं ते विचारतात. शिवाय मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला याच विषयावर प्रोजेक्ट करायचा आहे. तो सोलापुरात राहून जमेल का?

आधी सरळ उत्तर देतो. त्या खोलीसाठी फायबर सेन्सर घेऊ नका. मुलीला मात्र हा प्रोजेक्ट जरूर करू द्या. फायबर सेन्सर हे फार देखणं तंत्र आहे आणि माझी बरीच वर्षं त्यातच गेली आहेत, म्हणूनच तो चुकीच्या जागी बसवलेला मला बघवत नाही.

डिटेक्टर "उगाच" वाजतो, हे कशावरून ठरवलं? दुपारी खोलीत जाऊन वास आला नाही, म्हणून? हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि तो पेटला तरी भर दिवसा ज्योत दिसत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बॅटरी रूममध्ये खरोखरच जास्त हायड्रोजन तयार होतो, त्यामुळे तो अलार्म खरा असण्याची शक्यता मी आधी धरीन. बॅटरीचं फ्लोट व्होल्टेज, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवण्यासाठी चार्जर सतत देतो ते, २५ अंशांसाठी ठरवलेलं असतं. व्हीआरएलए (व्हॉल्व्ह असलेल्या बंदिस्त लेड-ॲसिड) सेलला साधारण २.२५ व्होल्ट, म्हणजे ५५ सेलला १२४ च्या आसपास. तापमान वाढलं की हे व्होल्टेज दर अंशाला प्रत्येक सेलमागे सुमारे ३ मिलिव्होल्टने खाली आणावं लागतं. खोलीत ४२ अंश असतील तर फरक १७ अंशांचा, म्हणजे सेलमागे ५१ मिलिव्होल्ट आणि सगळ्या बँकेला जवळजवळ २.८ व्होल्ट. चार्जरला टेम्परेचर कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार व्होल्टेज आपोआप बदलण्याची सोय) नसेल, किंवा त्याचा तापमान मोजणारा प्रोब बॅटरीला न लावता चार्जरच्याच पॅनेलमध्ये लोंबकळत असेल (हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे), तर मे महिन्यात तुमची बॅटरी रोज दुपारी ओव्हरचार्ज होते आहे. वरून दर १० अंशांना फ्लोट करंट साधारण दुप्पट होतो. व्हीआरएलए सेल एरवी वायू आतल्या आत परत पाण्यात बदलतो, पण इतकं रेटलं की त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. सेल फ्लडेड, म्हणजे पाणी भरावं लागणारे उघड्या प्रकारचे, असतील तर प्रश्नच नाही, वायू थेट खोलीत.

किती वायू, हे फॅरेडेच्या नियमाने एखाद्या चिठोऱ्यावरही निघतं. ओव्हरचार्जच्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधून सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. इक्वलायझिंगच्या (सगळे सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम जास्त चार्ज करण्याच्या) वेळी १० अँपिअर करंट पूर्णपणे वायूतच जातो आहे असं धरलं, तर ५५ गुणिले १० गुणिले ०.४५, म्हणजे तासाला जवळजवळ २५० लिटर. तुमची खोली ६० घनमीटरची, म्हणजे ६० हजार लिटर. दारं बंद असतील तर अडीच तासांत १ टक्का आणि दहा तासांत ४ टक्के. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेऊ शकतो. त्यासाठी लागणारी ठिणगी ०.०२ मिलिज्यूलची पुरते, मिथेनला लागते त्याच्या दहा-पंधरा पट कमी. नायलॉनच्या शर्टची चटचटसुद्धा याहून मोठी असते. आणि हा हिशेब वायू खोलीभर सारखा पसरला आहे असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात तो आधी छताला जाऊन बसतो, दोन तुळयांच्या मधल्या खळग्यात तर अडकूनच राहतो. तिथे ४ टक्के व्हायला दहा तास लागत नाहीत.

आता यावर उपाय किती साधा आहे बघा. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६२४८५-२ या मानकातलं सूत्र असं, की लागणारी हवा घनमीटर प्रति तासात बरोबर ०.०५ गुणिले सेलची संख्या गुणिले वायू करणारा करंट. तुमच्या बाबतीत ते २७.५ घनमीटर भरतं. बाजारातला छोट्यात छोटा एक्झॉस्ट फॅन यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो. म्हणजे ही खोली वाचवणारी गोष्ट पंखा आहे. हवा खालून आत यावी, वरून बाहेर जावी, छताला वायू अडकायला कोपरा राहू नये, पंख्याची मोटर वायूच्या वाटेत असेल तर ती हायड्रोजनसाठी योग्य दर्जाची असावी, आणि पंखा बंद पडला तर चार्जर आपोआप फ्लोटवर यावा किंवा थांबावा असं इंटरलॉक असावं. वीज जाऊन आल्यावर चार्जर सगळ्यात जास्त करंट देतो, नेमका त्याच वेळी पंख्याचा एमसीबी पडलेला असतो. इंटरलॉक नसेल तर हे कुणाच्या लक्षात येत नाही.

डिटेक्टरकडे परत येऊ. त्याच्या आतल्या इलेक्ट्रोकेमिकल सेलमधलं (बॅटरीच्या सेलमधलं नव्हे) द्रव कोरड्या, उष्ण हवेत आटतं, आणि आपल्याकडे मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत हवा अशीच असते. पण आटलेला सेल बहुधा बहिरा होतो, जास्त वाजत नाही. तापल्यावर त्याची बेसलाइन, म्हणजे वायू नसतानाचा आकडा, थोडी वर सरकते, हे खरं. दुसरी शंका कार्बन मोनॉक्साइडची. बऱ्याच हायड्रोजन सेलना तो जाणवतो. तुमचा डीजी सेट बॅटरी रूमच्या खिडकीशेजारी धूर सोडत असेल, तर अलार्मच्या वेळा डीजीच्या लॉगबुकाशी ताडून बघा. मग भर दुपारी डिटेक्टरवर प्रमाणित गॅस सोडून तो बरोबर वाजतो का बघा (याला बंप टेस्ट म्हणतात) आणि त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. या दोन आकड्यांवरून सेन्सर खोटं बोलतो की चार्जर, ते कळेल. सेन्सरच खराब निघाला तर कॅटॅलिटिक बीडचा (तापलेल्या मण्यावर वायू जाळून मोजणारा) चांगला डिटेक्टर घ्या, कॅलिब्रेशनचं वेळापत्रक भिंतीवर लावा. एका खोलीतल्या एका बिंदूसाठी याहून महाग काही लागत नाही.

मग फायबर कुठे? जिथे वीज न्यायचीच नाही, जिथे चुंबकीय आणि विद्युत क्षेत्र एवढं जबर असतं की तांब्याच्या तारेवरचा सिग्नल गोंधळतो, किंवा जिथे एकाच दोरीवर वीस-तीस बिंदू लांबवर मोजायचे असतात, तिथे. अशी ठिकाणं आपल्या जिल्ह्यातच आहेत.

होटगीजवळच्या एनटीपीसी प्रकल्पात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. या क्षमतेच्या जनरेटरचा रोटर हायड्रोजनने थंड ठेवतात. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, म्हणून फिरणाऱ्या रोटरला त्याचा अडथळा कमी, आणि उष्णता वाहून नेण्यात तो हवेच्या सुमारे सातपट सरस. जनरेटरच्या आत तो जवळजवळ शुद्ध असतो, म्हणजे ७५ टक्क्यांच्या कितीतरी वर, त्यामुळे आत तो पेटत नाही. धोका गळतीचा. शाफ्टभोवतीच्या सील ऑइलमधून, स्टेटरला (स्थिर भागाला) थंड ठेवणाऱ्या पाण्यातून, आणि टर्मिनल बुशिंगमधून बस डक्टमध्ये, म्हणजे जनरेटरची वीज बाहेर नेणाऱ्या जाड वाहकांच्या नळीत. अशा जनरेटरच्या बस डक्टमधून २० हजार अँपिअरच्या घरात करंट वाहतो. तिथलं चुंबकीय क्षेत्र साध्या इलेक्ट्रॉनिक्सला नकोसं असतं, पण काचेच्या धाग्याला त्याचं काहीच वाटत नाही. बस डक्टच्या वरच्या भागात फायबरचा प्रोब ठेवणं ही मला पटणारी कल्पना आहे.

दुसरी जागा ट्रान्सफॉर्मर. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एक झाली. एवढ्या दाबाच्या यंत्रणेत ट्रान्सफॉर्मर आणि रिअ‍ॅक्टर यांच्या तेलावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. आत कुठे पार्शियल डिस्चार्ज (इन्सुलेशनमध्ये होणाऱ्या बारीक ठिणग्या) सुरू झाला की तेलाचे रेणू तुटतात आणि सगळ्यांत आधी हायड्रोजन सुटतो. आजवरची पद्धत म्हणजे तेलाचा नमुना काढून लॅबला पाठवणं. फायबर तेलातच बुडवून ठेवता येतं. पण आकडे नीट समजून घ्या. अमेरिकेच्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या सी५७.१०४ या मार्गदर्शिकेच्या २००८ च्या आवृत्तीत तेलातला १०० पीपीएम (दहा लाख भागांत १००) हायड्रोजन ही पहिली पायरी धरली होती. हायड्रोजन तेलात फार कमी विरघळतो, त्याचा ओस्टवाल्ड गुणांक (तेलातल्या आणि वायूतल्या प्रमाणाचं गुणोत्तर) सुमारे ०.०५. म्हणजे तेलातले १०० पीपीएम हे सेन्सरच्या दृष्टीने वायूतल्या २००० पीपीएमएवढे, फक्त ०.२ टक्के. तेही ६०-७० अंशांच्या तेलात. हे काम अवघड आहे, पण करण्यासारखं आहे.

आता हा सेन्सर हायड्रोजन ओळखतो कसा? काचेच्या धाग्याला हायड्रोजन कळत नाही. कळतो तो धाग्यावरच्या कोटिंगला, आणि ते कोटिंग बहुतेक वेळा पॅलॅडियमचं असतं. १८६६ साली थॉमस ग्रॅहॅम यांनी दाखवलं की पॅलॅडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतं. घेतलं की ते भिजवलेल्या मटकीसारखं फुगतं आणि त्याचा प्रकाश परतवण्याचा गुणही बदलतो. हायड्रोजन गेला की पुन्हा पूर्ववत. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत मायकेल बटलर यांनी फायबरवर पॅलॅडियम चढवून, त्याचं फुगणं इंटरफेरोमीटरने (प्रकाशलहरींची तुलना करून सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजून पहिला असा सेन्सर दाखवला. पुढे त्यांनीच फायबरच्या टोकावर पॅलॅडियमचा अगदी पातळ आरसा लावून परत येणाऱ्या प्रकाशातला फरक मोजला. हा 'मायक्रोमिरर' प्रकार सगळ्यांत सोपा, आणि तुमच्या मुलीच्या प्रोजेक्टसाठी मी तोच सुचवणार आहे.

दुसरा मोठा प्रकार फायबर ब्रॅग ग्रेटिंगचा. फायबरच्या गाभ्यात ठरावीक अंतराने अपवर्तनांकाचे पट्टे लिहिलेले असतात आणि ते एकच नेमकी तरंगलांबी परतवतात. त्यावर पॅलॅडियम चढवलं की ते फुगताना ग्रेटिंगला ताणतं आणि परतणारी तरंगलांबी सरकते. एकाच फायबरवर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या अनेक ग्रेटिंग ओवता येतात, हा याचा मोठा फायदा. अडचण अशी, की कोटिंग किती जाड आणि फायबर किती बारीक केलेलं यावर अवलंबून १ टक्का हायड्रोजनला हा सरकाव काही पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) ते काही दशक पिकोमीटर एवढाच असतो. आणि १५५० नॅनोमीटरच्या ग्रेटिंगला नुसतं तापमान एक अंशाने वाढलं तरी सुमारे १० पिकोमीटरचा सरकाव मिळतो.

आता हे सोलापुरात आणून बघा. एप्रिलमध्ये पहाटे २५ अंश, दुपारी ४१-४२. फरक १६-१७ अंशांचा, म्हणजे १६०-१७० पिकोमीटर. हायड्रोजनचा सिग्नल त्यात बुडून जातो. पत्र्याच्या शेडमध्ये कळसाखाली प्रोब लावला (हायड्रोजनसाठी जागा तीच बरोबर) तर फरक याहून मोठा. म्हणून शेजारी कोटिंग नसलेली दुसरी ग्रेटिंग ठेवतात आणि तिचा सरकाव वजा करतात. बहुतेक पेपर इथे थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे. तापमानाने नुसती बेसलाइन हलत नाही, पॅलॅडियमची हायड्रोजन घेण्याची भूकच कमी होते. २५ अंशांना पॅलॅडियम साधारण १ ते २ टक्के हायड्रोजनला एकदम खूप वायू घेऊन नव्या, फुगलेल्या अवस्थेत जातं. ४५ अंशांना तीच अवस्था यायला सुमारे अडीचपट हायड्रोजन लागतो. म्हणजे जानेवारीत कॅलिब्रेट केलेला सेन्सर मे महिन्यात कमी आकडा दाखवतो. सुरक्षेच्या सेन्सरने जास्त दाखवलं तर त्रास होतो, कमी दाखवलं तर माणसं जातात. तापमान वेगळं मोजून कॅलिब्रेशनचा तक्ता तापमानागणिक बदलणं हाच मार्ग आहे. त्यासाठी प्रत्येक प्रोब २५, ३५, ४५ अंशांना तपासावा लागतो. प्रयोगशाळेच्या एसीत काढलेला आलेख इथे कामाला येत नाही.

हा अवस्था बदलण्याचा प्रकार आणखी एका कारणाने नडतो. नव्या अवस्थेत पॅलॅडियमचं आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं. काच तर तसूभर हलत नाही. असं फुगणं-आकसणं पुन:पुन्हा झालं की फिल्मला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. शिवाय चढताना एक आकडा आणि उतरताना दुसरा, असा हिस्टेरेसिस येतो. शुद्ध पॅलॅडियमऐवजी साधारण एक चतुर्थांश चांदी किंवा पुरेसं सोनं मिसळलेलं मिश्रधातू वापरलं की ही अचानक उडी मवाळ होते. संवेदनशीलता थोडी घटते, पण माझ्या मते हा सौदा नेहमी फायद्याचा. चार महिन्यांनी सोलून निघणारी संवेदनशील फिल्म काय करायची? काचेवर आधी टायटॅनियम, क्रोमियम किंवा निकेलचा काही नॅनोमीटरचा थर द्यायचा, मग पॅलॅडियम. हा मधला थर पेपरमध्ये एका ओळीत येतो, पण सेन्सरचं आयुष्य त्यावर ठरतं.

तिसरा मार्ग टंगस्टन ऑक्साइडचा. त्यावर प्लॅटिनमचे कण बसवले की हायड्रोजनच्या संपर्कात ते निळं होतं आणि प्लॅटिनमवर हायड्रोजन-ऑक्सिजनची रासायनिक क्रिया होऊन उष्णता सुटते. ही उष्णता ग्रेटिंग पकडते. सरकाव शेकडो पिकोमीटरचा मिळतो, त्यामुळे मोजणं फार सोपं. पण त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या तेलात तो निरुपयोगी. आणखी एक धोका आहे, ज्याकडे विकणारे लक्ष वेधत नाहीत. १८२३ मध्ये डोबेरायनर यांनी प्लॅटिनमच्या स्पंजवर हायड्रोजनचा झोत सोडून तो नुसत्या संपर्काने पेटवून दाखवला होता. तोच प्लॅटिनम तुम्ही प्रोबवर लावता आहात. ४ टक्क्यांच्या वर गेलेल्या खोलीत तापलेला प्लॅटिनम स्वतःच काडी होऊ शकतो. त्यामुळे प्रोबभोवती सिंटर्ड धातूची (धातूची भुकटी तापवून जोडलेली सच्छिद्र) जाळी हवीच, आणि "फायबर आहे म्हणजे आपोआप सुरक्षित" हे वाक्य कुणी म्हटलं तर त्याला हे विचारा. फायबरमधून जाणाऱ्या प्रकाशासाठीही आयईसी ६००७९-२८ हे वेगळं मानक आहे. नेहमीच्या ग्रेटिंग यंत्रातली काही मिलिवॉटची ताकद फार लहान असते, पण जास्त ताकदीचा लेसर लावणार असाल तर ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या भागात कोटिंगला आणखी एक शत्रू आहे, गंधक. हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फर डायऑक्साइड पॅलॅडियमच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि हायड्रोजनला आत शिरायची वाट बंद करतात. टॉवेल-चादरी रंगवणाऱ्या डाय हाउसमध्ये सल्फर डाय (गंधकयुक्त रंग) आणि सोडियम सल्फाइड वापरतात. त्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलरी आहेत, स्पेंट वॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) लगूनजवळचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अशा शेजारात उघडी पॅलॅडियम फिल्म मंद होत जाते आणि तसं होताना कुठलाही इशारा देत नाही. फिल्मवर पीटीएफई किंवा पीएमएमए या पॉलिमरचा पातळ थर दिला तर हायड्रोजन सहज आत जातो आणि मोठे रेणू बऱ्याच अंशी बाहेर थांबतात. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली पॅलॅडियम-सोन्याच्या नॅनोकणांवर असा पॉलिमर लावून एका सेकंदाच्या आसपास प्रतिसाद मिळवला. पॉलिमर फक्त राखण करतो असं नाही, प्रतिसादही जलद करतो, हे त्या कामातून दिसलं.

काचेबद्दलही एक सांगायला हवं. जिथे हायड्रोजन कायमच भरपूर असतो, तिथे तो हळूहळू काचेतच शिरतो आणि १२४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषू लागतो. अशा जागी कार्बनचं हर्मेटिक (वायू आत न शिरू देणारं) कोटिंग असलेलं फायबर घ्यावं लागतं. बॅटरी रूमला याची गरज नाही.

आता मुलीचा प्रोजेक्ट. ग्रेटिंगच्या नादी लागू नका, त्याचं इंटरॉगेटर (तरंगलांबीचा सरकाव वाचणारं यंत्र) लाखांत जातं आणि सहा महिन्यांत फक्त ते चालवायला शिकणं होईल. मायक्रोमिरर करा. मल्टिमोड (जाड गाभ्याचं) फायबर, ८५० नॅनोमीटरचा एलईडी, एक मल्टिमोड कपलर (प्रकाश दोन फायबरमध्ये वाटणारा जोड), दोन फोटोडायोड आणि एक साधा मायक्रोकंट्रोलर. एक फोटोडायोड परत आलेला प्रकाश मोजतो, दुसरा एलईडीची स्वतःची ताकद. एलईडी सुमारे एक किलोहर्ट्झने चालू-बंद करायचा आणि त्याच ठेक्यावर सिग्नल उचलायचा, म्हणजे ट्यूबलाइटचा आणि खिडकीतल्या उन्हाचा उपद्रव जातो. फायबर कुठे वाकलं तरी प्रकाश घटतो आणि तो हायड्रोजनसारखाच दिसतो. यासाठी शेजारून दुसरं तसंच फायबर न्यायचं आणि त्याच्या टोकावर पॅलॅडियमऐवजी सोनं लावायचं. सोन्याला हायड्रोजन कळत नाही. दोन्हींत सारखाच फरक आला तर फायबर वाकलं, एकातच आला तर हायड्रोजन.

कोटिंगसाठी थिन फिल्मचं काम चालणारा भौतिकशास्त्र विभाग गाठावा लागेल. सोलापुरात विद्यापीठात विचारा, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर या कामाची जुनी परंपरा आहे. एक काळजी घ्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या सोबत जे स्पटर कोटर (नमुन्यावर धातूचा पातळ थर चढवणारं यंत्र) असतं, त्यात बहुधा सोनं-पॅलॅडियमचं टार्गेट असतं आणि त्यात सोनं जास्त. "पॅलॅडियम आहे आमच्याकडे" असं कुणी म्हटलं तर प्रमाण विचारा. ८० टक्के सोन्याची फिल्म तुम्हाला फारसं काही दाखवणार नाही. शुद्ध पॅलॅडियम हवं, २० नॅनोमीटरच्या आसपास, खाली निकेल किंवा क्रोमियमचा एक-दोन नॅनोमीटरचा थर. टोक नीट क्लीव्ह केलेलं (सरळ, सपाट तोडलेलं) आणि आयसोप्रोपिलने पुसलेलं. बोट लागलं की ते टोक गेलं.

नवी फिल्म पहिल्या काही फेऱ्यांत बदलत राहते, तिचा प्रत्येक आलेख आधीच्यापेक्षा वेगळा येतो. तिला आधी हायड्रोजन आणि हवेच्या फेऱ्यांतून जाऊ द्या, स्थिर झाल्यावरच आकडे लिहा. सुरुवातीचे आलेख टाकून द्यायचे नाहीत, रिपोर्टमध्ये वेगळे दाखवायचे, परीक्षकाला त्यातच जास्त रस वाटेल.

शुद्ध हायड्रोजनचा सिलिंडर कॉलेजात आणू नका, आणि जस्त-आम्लाने हायड्रोजन बनवण्याचा उद्योग तर मुळीच नको. नायट्रोजनमध्ये ४ टक्के हायड्रोजन असलेलं मिश्रण मिळतं, ते हवेत मिसळलं तरी पेटत नाही. सुरुवातीची जुळवणी त्यावर करा. पण इथेच थांबू नका, कारण नायट्रोजनमध्ये पॅलॅडियम जास्त ठळक प्रतिसाद देतं. हवेत ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या हायड्रोजनला पकडून पाणी बनवतो आणि प्रतिसाद घटतो. नायट्रोजनमधला सुंदर आलेख हवेच्या खोलीत फसवा ठरतो. म्हणून अंतिम चाचणीसाठी हवेतच १ आणि २ टक्के हायड्रोजन असलेलं प्रमाणित मिश्रण मागवा. २ टक्के म्हणजे स्फोटमर्यादेच्या निम्मं. चेंबर लहान काचेच्या नळीचा ठेवा, प्रवाह मंद, आणि बाहेर जाणारी नळी खिडकीतून वर काढा.

मोजायचं काय? ९० टक्के प्रतिसादाला लागणारा वेळ, परत यायला लागणारा वेळ (तो बहुधा जास्त असतो आणि रिपोर्टमधून गाळला जातो), तीन तापमानांना प्रतिसाद, दमट हवेत प्रतिसाद. तिने एक प्रोब ऑक्टोबरमध्ये बनवून तसाच कपाटात ठेवावा आणि फेब्रुवारीत पुन्हा तपासावा. दुसरा प्रोब तुमच्या बॅटरी रूममध्ये छताजवळ, डिटेक्टरशेजारी, तेवढेच महिने टांगावा, कशालाही न जोडता, आणि मग दोघांची तुलना करावी. आम्लाच्या वाफेत चार महिने काढलेल्या फिल्मचं काय होतं, हा आकडा बाजारातल्या माहितीपत्रकात नसतो. मायक्रोस्कोपखाली दोन्ही टोकांचे फोटो घ्यायला तिला सांगा, आणि मिश्रणाच्या सिलिंडरवरच्या प्रमाणपत्राची मुदत फेब्रुवारीपर्यंत टिकते ना, हे मागवतानाच बघून घ्या.